लडाखचा उन्हाळा आणि पंगतीचे टोक

मे महिना लागला की आमच्या धामणगाव बढे येथे दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रे फिरकत नाही. मोताळ्याकडून एस. टी. येते, चार माणसे उतरतात आणि डोक्यावर उपरणे टाकून भिंतीच्या सावलीसावलीने घर गाठतात. पारा ४४-४५ च्या आसपास. राजूर घाट चढून बुलढाण्याला गेले तरी अंगाला बरे वाटते, आणि तेवढ्यालाच आम्ही थंड हवेचे ठिकाण म्हणतो. उन्हाळ्यातला आपला प्रवास म्हणजे लग्ने, मुलांना मामाचे गाव, आणि जमलेच तर जाता-येता नागपूरला उतरून दीक्षाभूमीचे दर्शन. उत्तर दिशा आमच्या लेखी बऱ्हाणपूरपर्यंत. त्यापुढे दिल्ली, आणि दिल्लीच्या पुढे फक्त फौजेत गेलेल्या मुलांची पत्रे.

अशा आमच्यातली चार कुटुंबे २०२३ च्या जूनमध्ये लडाखला जाऊन आली. लहानमोठी धरून आम्ही तेरा माणसे. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण यात कोणी मोठा पगारदार नव्हता. भिशी होती. २०१९ साली सुरू केली, कोरोनाची दोन वर्षे बंद पडली, पुन्हा सुरू झाली. या सगळ्यामागे होते आमचे फौजीकाका. पंच्याहत्तरीला आलेला माणूस. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली आणि तेव्हापासून आपल्या घरांतली कितीतरी पोरे तिच्यात भरती झाली, त्यांतलेच हे एक. तरुणपणी लडाखला दोन हिवाळे काढलेले. विहारात बसले की एकच सांगणे, "तिथं अख्ख्या गावात सकाळी घराघरातून बुद्धाच्या पुढं पाणी ठेवतात. आपल्यावाणीच शेतकरी माणसं. एकदा पाहून या." एकदा पाहून या, म्हणता म्हणता ते स्वतःच उठले.

निघायच्या आधी एक अडचण उभी राहिली. आपला उन्हाळा संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये जावे तर डोंगरावरचे रस्ते नुकते मोकळे होत असतात. गोन्पांतला उन्हाळी उत्सव पाहायचा तर जूनच्या शेवटीच जायला हवे, आणि जूनचा शेवट म्हणजे आपली पेरणी! दोन घरांची कोरडवाहू शेती, बाकीच्यांची मजुरी. हंगाम बुडवून फिरायला जाणे कोणाला परवडते? पण त्या वर्षी पाऊस लांबला. जूनची वीस तारीख आली तरी आभाळ कोरडे, बियाण्याच्या थैल्या घरात पडून. ज्यांची शेती होती त्यांनी थोरल्या भावाला सांगून ठेवले, की पाऊस पडला तर आमची वाट पाहू नका. आम्ही श्रीनगरच्या पुढे असताना फोन आला, पाऊस लागला, पाभर जुंपली. पुढचे दोन दिवस ती दोन घरची माणसे बर्फाचे डोंगर पाहत होती आणि बोलत होती कपाशीचे.

मलकापूरहून भुसावळ आणि भुसावळहून झेलम एक्स्प्रेस. फौजीकाकांना त्या गाडीची स्टेशने पाठ. जम्मूहून बसने श्रीनगर आणि तिथून लेह सुमारे ४२० किलोमीटर. विमानाने थेट लेहला उतरणारे पुष्कळ आहेत, पण लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. एकदम तेवढे वर गेले की डोके ठणकते, उलट्या होतात, दम लागतो. रस्त्याने दोन मुक्काम करीत गेले की अंगाला सवय होत जाते. तरीही लेहला पोहोचल्यावर दोन दिवस नुसते पडून राहावे, भरपूर पाणी प्यावे, जिने चढू नयेत. म्हाताऱ्या माणसांनी घरून निघतानाच डॉक्टरला दाखवावे. एवढे सांगून आम्ही प्रवासाच्या सूचना आटोपत्या घेतो.

झोजीला ही खिंड आली तेव्हा आमच्या गाडीतली आजी पदर तोंडाला लावून बसली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली इवल्याशा दिसणाऱ्या गाड्या. "काऊन रे पोरा, राजूर घाटासारखंच हाय म्हणत होता ना तू?" असे ती नातवाला विचारत होती. खिंड ओलांडली आणि झाडे संपली. पावसाचे ढग हिमालयाच्या अलीकडेच अडतात. पलीकडे लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मुसळधार दिवसाचा. पुढे द्रास. १९९९ च्या युद्धातल्या शहीद जवानांचे स्मारक तिथे आहे. काकांनी सलाम केला, आम्ही सगळे दोन मिनिटे उभे राहिलो. मग कारगिल, शिया मुसलमानांचे गाव, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलबेक आले. रस्त्याच्या कडेला सरळ उभा खडक, आणि त्या खडकात कोरलेली मैत्रेय बुद्धाची सुमारे ३० फुटी उभी मूर्ती. गाडी थांबायच्या आत बायका उतरल्या होत्या. रस्त्याच्या धुळीत बसून त्रिशरण, पंचशील म्हटले. तिथला एक म्हातारा लामा जपमाळ ओढीत आमच्याकडे पाहत होता. पाली भाषा त्याला कळली नसेल, पण 'बुद्धं' हा शब्द कळला. तो हसला. आमच्या त्या आजीने घरी परतल्यावर शेजारणींना सर्वांत आधी जी गोष्ट सांगितली ती हीच.

लडाखचा उन्हाळा म्हणजे काय, हे आम्हाला लेहजवळच्या एका गावात कळले. सिंधू नदीच्या काठचे गाव, आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी खोल्या घेतल्या होत्या. तिकडे आईला 'अमा-ले' म्हणतात आणि बापाला 'आबा-ले'. ते 'ले' म्हणजे आपले 'जी'. आबा हा शब्द ऐकून पोरांना मोठी गंमत वाटली. घरधनीण अमा-ले साठीची, पहाटे उठून झोला चारा घालायची. झो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकराचे जनावर, नांगराला तेच.

त्या लोकांना वर्षातून चार-पाच महिने जमीन मिळते. उरलेला काळ ती गोठलेली. एप्रिल-मेमध्ये पहिला नांगर धरायच्या आधी जमिनीची पूजा होते, मग पेरणी, मुख्य पीक सातू. होय, आपल्याकडे ज्याला सातू किंवा जव म्हणतात तेच. भाजून दळून त्याचे पीठ करतात, त्याला 'नांफे' म्हणतात, आणि ते खारट लोण्याच्या चहात कालवून खातात. आपल्या आज्या प्रवासाला निघताना सातूचे पीठ आणि गूळ बांधून घेत, त्याची आठवण झाली. तो खारट चहा मात्र आमच्यातल्या फार थोड्यांना गोड लागला. कणकेची जाड भाकर 'खंबीर', तिच्यावर जर्दाळूचा मुरंबा, हे पोरांना आवडले. जर्दाळूचे फळ जुलै-ऑगस्टमध्ये पिकते. आम्ही गेलो तेव्हा झाडावर हिरवे होते, घरात गेल्या वर्षीचे वाळवलेले.

पाणी सगळे डोंगरावरच्या बर्फाचे. ऊन वाढले की बर्फ वितळते आणि पाटाने शेतात येते. त्या पाण्याची पाळी ठरवणारा गावचा माणूस असतो, त्याला 'छुरपोन' म्हणतात. कोणाच्या वाफ्यात पाणी कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे हे तो ठरवतो. आमच्यातल्या शेतकऱ्यांनी पर्यटन सोडून अर्धा दिवस त्या पाटावर काढला. नळगंगेच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेताला का पोहोचत नाही, यावर त्यांनी त्या माणसाला मोडक्या हिंदीत एक तास ऐकवले. त्यानेही त्याच्या गावची भांडणे सांगितली असावीत, कारण दोघेही एकमेकांच्या पाठीवर थाप मारीत परत आले.

उन्हाळा असा कामात जातो म्हणूनच तिकडचे बहुतेक सणवार हिवाळ्यात. 'लोसार' हे नवे वर्ष. तिबेटात ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, लडाखात मात्र दोन महिने आधी, डिसेंबरच्या आसपास. सतराव्या शतकाच्या आरंभीचा राजा जमयांग नामग्याल हिवाळ्यात लढाईवर निघाला. परत येऊ की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्याने सण आधीच साजरा करून घेतला आणि तीच प्रथा पडली, असे सांगतात. जवानांच्या घरी हे कोणालाही पटेल. दादा सुट्टीवर आला की दिवाळी, मग कॅलेंडरात काही का असेना.

उन्हाळ्यात जे मोजके उत्सव होतात त्यांत हेमिस गोन्पाचा मोठा. तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्याची दशमी आणि एकादशी, गुरू पद्मसंभव यांच्या जन्माचा सोहळा. लेहपासून हेमिस सुमारे ४५ किलोमीटर. डोंगराच्या घळीत लपलेला प्रचंड गोन्पा, मधोमध फरसबंद चौक, चारी बाजूंनी सज्जे. लामा भरजरी पायघोळ अंगरखे घालून आणि तोंडावर मोठाले मुखवटे चढवून नाचतात. त्या नाचाला 'छम' म्हणतात. लांबलचक कर्णे वाजतात, त्यांचा आवाज छातीत घुमतो. दर बारा वर्षांनी तिथे एक मोठे रेशमी चित्रपट उलगडतात. २०१६ साली उलगडले होते, आता २०२८ ला. आसपासच्या गावांतल्या बायका फिरोजा खड्यांनी मढवलेले शिरोभूषण घालून येतात, पोरे आइसक्रीम खातात, म्हातारे मणी ओढतात. आपल्या दीक्षाभूमीच्या गर्दीसारखीच गर्दी, फक्त उंचावर.

पण खरे सांगायचे तर आमच्यातली अर्धी माणसे तिथे अस्वस्थ होती. "बुद्धाच्या दारात हे राक्षस काऊन नाचवता बाप्पा?" आजी म्हणाली. एक तरुण तर रागावलाच. आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या मागे बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव-अवतार सोडले, आणि इथे हे मंत्रतंत्र, नवस, गंडे? त्यात भर म्हणजे गावात पाहुणचाराला 'छांग' पुढे येते, सातूची आंबवलेली दारू. पंचशील घेतलेल्या माणसाने काय करावे? आम्ही हात जोडून 'जुले, जुले' म्हणत पेला परत केला. जुले म्हणजे नमस्कार, आभार, राम राम, निरोप, सगळे एकच. घरच्यांनी वाईट वाटून घेतले नाही, खारट चहा आणून दिला. तो मात्र नाकारता आला नाही.

आमचे मत असे, की परक्याच्या घरी गेल्यावर तपासनिसासारखे पाहू नये. अजिंठा आमच्या उशाला आहे. तिथल्या भिंतींवर यक्ष आहेत, नाग आहेत, नाना कथा आहेत, त्याने आपण अजिंठ्याला परके मानत नाही. धम्म ज्या डोंगरात गेला तिथल्या माणसांची भीती, थंडी, भूक हे सगळे त्याला चिकटले. लेहचा शांतिस्तूप जपानी भिक्खूंनी उभारला, आणि नागपूरच्या भदंत सुरई ससाईंमुळे जपानी भिक्खू आपल्याला नवे नाहीत. त्यांची रीतही आपल्यासारखी कुठे आहे? मुखवट्यांवरून भांडायला आम्ही तेरा माणसे एवढे भाडे भरून गेलो नव्हतो.

उलट एक गोष्ट पाहून आम्हाला फार बरे वाटले. आपला वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून. भगवान बुद्धांच्या काळी पावसाळ्यात भिक्खू फिरले की कोवळी पिके आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जात, म्हणून एका जागी राहण्याचा नियम झाला. लडाखात पाऊसच नाही, तरी तिथल्या गोन्पांतून उन्हाळी वर्षावास पाळतात. त्याला 'यार्ने' म्हणतात. गंगेच्या खोऱ्यातल्या चिखलाचा नियम साडेअकरा हजार फुटांवरच्या कोरड्या मातीत अजून चालू आहे. शेते हिरवी झाली, मुंग्या बाहेर पडल्या, आता पाय जपून टाका. एवढे कळायला पाऊस कशाला हवा?

असो. आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

उन्हाळ्यात लडाखच्या गावोगाव धनुर्बाणाचे खेळ होतात. आमच्या मुक्कामाच्या गावात तो दिवस होता आणि घरधन्याने आम्हा सगळ्यांना बोलावले. मैदानाच्या टोकाला मातीचे लक्ष्य. दोन तुकड्या, पाळीपाळीने बाण. बाण लागला की वाद्ये कडाडतात, मधूनमधून खेळ थांबतो आणि माणसे ओळीने संथ पावले टाकीत नाचतात. वाजंत्री दोन-तीनच, पण त्यांच्यावाचून काही हलत नाही. 'दमन' म्हणजे आपल्या संबळासारखी नगाऱ्यांची जोडी, काठ्यांनी वाजवतात. 'सुरना' म्हणजे थेट आपली सनई. सूर कानावर पडताच आमच्या पोरांचे पाय हलू लागले.

बसण्याची व्यवस्था एका लांब ओळीची. आपल्याकडच्या पंगतीसारखी, समोर ठेंगणी रंगीत मेजे. ओळीच्या वरच्या टोकाला लामा, मग वडील माणसे, मग पुढे उतरत्या मानाने बाकीचे. आम्ही पाहुणे म्हणून आम्हाला बरेच वर बसवले. गालिचा जाड, मेज उंच. फौजीकाका शेजारी होते. ते खेळ पाहत नव्हते, ओळ पाहत होते. ओळ संपत होती तिथे गालिचा नव्हता. थोडी जागा सोडून, जमिनीवर, ते वाजवणारे बसले होते. त्यांचे पेले वेगळे ठेवलेले.

काकांनी विचारले, "ते कोण?" घरधन्याचा मुलगा शाळेत शिक्षक, हिंदी चांगली. तो म्हणाला, "मोन. वाजवणारे." त्याच्या आवाजात तिरस्कार नव्हता. सहज सांगितले, जसे कोणी सांगते की तो सुतार, तो कुंभार.

मोन हे वाजंत्री, गारा लोहार, बेदा डफ वाजवीत गावोगाव फिरणारे. लडाखच्या बौद्ध समाजात हे तीन गट सर्वांत खालचे मानले गेले. त्यांच्याशी बाकीचे सोयरीक करीत नाहीत, पंगतीत त्यांची जागा शेवटी. १९८९ साली केंद्र सरकारने लडाखमधल्या आठ जमातींना अनुसूचित जमातींचा दर्जा दिला, त्यांत या तिघांचीही नावे आहेत. ज्यांच्या ओळीच्या टोकाला ते बसतात त्यांचेही नाव त्याच यादीत आहे! सरकारच्या कागदावर सगळे एका ओळीत. आपल्या गावगाड्यासारखे विहिरीचे आणि वेशीचे राज्य तिकडे होते असे आम्ही म्हणत नाही. सगळीकडे सारखेच आहे असेही नाही, शिकलेली तरुण मुले यावर बोलू लागली आहेत. पण जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले.

फौजीकाकांचे वडील येसकर होते. हातात काठी, मेल्याचा सांगावा न्यायचा, साहेब आला की पुढे पळायचे. काका सात-आठ वर्षांचे असताना पाटलाच्या घरचे लग्न झाले. पंगती उठल्यावर बापाबरोबर मांडवाबाहेर बसलेले, वरून पडलेली बुंदी ओट्यात झेललेली. ही गोष्ट त्यांनी आम्हाला पूर्वी एकदाच सांगितली होती. त्या मैदानात त्यांनी काही सांगितले नाही. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवीत ओळीच्या कडेकडेने खाली गेले आणि त्या दमनवाल्याच्या शेजारी मातीत बसले. मग आजी गेली. मग आम्ही एकेक करून सगळेच.

ओळ थोडी गप्प झाली. आम्हाला वाटले आपण फार मोठे काम केले. आता वाटते की तसे नव्हते. सर्वांत जास्त घाबरला तो दमनवाला. तो उठून उभाच राहिला, हाताने काकांना वर जा, वर जा असे खुणावू लागला. पाहुण्यांनी त्याच्यापाशी बसणे हा त्याला मान वाटला नाही, संकट वाटले. उद्या आम्ही जाणार, त्याला त्याच गावात राहायचे. अखेर काकांनी त्याच्याकडे तंबाखू मागितली. तो हसला, बसला. खेळ पुढे सुरू झाला.

रात्री चुलीपाशी बोलणे निघाले. अमा-ले गप्प होती. पाहुण्यांनी तिने दिलेली जागा सोडली, हे तिला लागले होते, आणि ते आम्हाला कळत होते. शिक्षक म्हणाला, "आमच्यात तुमच्यासारखी शिवाशिव नाही. ही फक्त रीत. आणि त्यांना वर बोलावले तरी ते स्वतःच येत नाहीत." आमच्यातली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. 'ते स्वतःच येत नाहीत' हे वाक्य आपण आपल्या गावात किती वेळा ऐकलेले! तरुण पोरगा चिडून बोलायला लागला. बुद्धाच्या संघात न्हावी असलेला उपाली राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित झाला, हे तुम्हाला कोणी शिकवले नाही काय? शिक्षकाने मान खाली घातली. त्याला ती कथा ठाऊक होती.

तेवढ्यात आमच्यातल्या अंगणवाडीच्या ताई बोलल्या. त्या फारशा बोलत नाहीत. म्हणाल्या, "दादा, जरा थांबा. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीला बँड कोणाचा असतो?"

कोणी उत्तर दिले नाही. बँड शेजारच्या गावचा, मातंग आळीतला. वर्षानुवर्षे तेच येतात.

"रात्री विहारापुढं जेवण होते तेव्हा ते कुठं बसतात?"

ते मागून जेवतात. ट्रॉलीपाशी, वाद्यांजवळ. कोणी त्यांना तसे सांगितलेले नाही. त्यांना कोणी पंगतीत ये असेही म्हटलेले नाही. लग्नातही तसेच. आणि सोयरिकीचे विचाराल तर मातंग घरची सून आली म्हणून आपल्याच एका घरात दोन वर्षे बोलणे बंद होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक. सर्व माणसे समान मानीन, ही त्या बावीस प्रतिज्ञांतलीच एक. चुलीतल्या शेणीचा धूर डोळ्यांत जात होता. शिक्षकाला मराठी येत नसल्याने हे सगळे त्याला कळले नाही, आणि आम्ही हिंदीत सांगायच्या भानगडीत पडलो नाही. तेवढे धैर्य त्या रात्री आमच्याकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दमनवाला काकांना भेटायला आला. दोघे भिंतीला पाठ लावून उन्हात बसले. त्याला फौजी हिंदी येत होती, रस्त्याच्या कामावर शिकलेली. त्याचा मुलगा लेहला टॅक्सी चालवतो. दमनला हात लावायला तयार नाही, म्हणतो, हे हातात घेतले की लोक मला खाली बसवतात. बापाला मुलाचे पटते आणि वाईटही वाटते. वाजवणारी म्हातारी माणसे गेली की गावाच्या सणाला कोण वाजवणार, हा प्रश्न तिकडे पुष्कळ गावांना पडला आहे. वाजवायचे तर शेवटी बसा, वर बसायचे तर वाजवणे सोडा. मधला रस्ता गावाने ठेवलेला नाही.

काकांनी त्याला आपल्याकडची हकीकत सांगितली. मेलेली ढोरे ओढणे सोडा, मेल्याचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. ऐकणाऱ्यांनी ते सोडले तेव्हा गावांनी दाणे बंद केले, काम बंद केले. काकांच्या वडिलांनी येसकराची काठी टाकली तेव्हा त्यांच्याही घरी दोन महिने चूल नीट पेटली नव्हती. पण गाणे सोडले नाही. तमाशाच्या फडातली ढोलकी १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशात आली, पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गाणी केली, आणि ज्याचा बाप पाटलाच्या दारात मांडवाबाहेर बसून वाजवत होता त्याचा पोरगा मंचाच्या मधोमध उभा राहून गाऊ लागला. समोर पाच हजार माणसे खाली बसलेली! दमनवाल्याला यातले किती समजले कोण जाणे. मंच म्हणजे काय ते काकांनी हातांनी दाखवले तेव्हा तो बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिला.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. फोटूला, झोजीला, गाडीत दोघांना उलट्या. आषाढ पौर्णिमा ३ जुलैला झेलम एक्स्प्रेसमध्येच आली. बर्थवर बसून वंदना घेतली, शेजारच्या पंजाबी कुटुंबाला वाळलेले जर्दाळू खिरीऐवजी वाटले. भुसावळला उतरलो तर चिखल. जमीन ओली, कपाशी दोन पानांवर आलेली.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या मेमध्ये, त्या चार घरांपैकी एका घरी मुलीचे लग्न झाले. बँड तोच. मंगल परिणय झाला, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसली. मुलीचा बाप स्वतः बँडवाल्यांकडे गेला आणि म्हणाला, चला, पहिल्या पंगतीला. तरुण पोरे आली. त्यांचा म्हातारा सनईवाला मात्र हलेना. "आमी मागून बसतो साहेब. घाई काय हाय?" असे तो म्हणत राहिला. फौजीकाकांनी आपली पत्रावळ उचलली, त्याच्या पेटीपाशी नेली आणि तिथे बसले. वाढपी पोरांची थोडी धांदल उडाली, मग एकाने बट्ट्यांची टोपली तिकडे नेली. अंगणवाडीच्या ताई वरण घेऊन धावल्या.

वरपक्षाकडची दोन माणसे अर्ध्या जेवणावरून उठली. त्यांना पुढची एस. टी. गाठायची होती असे कोणीतरी म्हणाले. त्या वेळेला धामणगावहून कोणतीही एस. टी. नसते.